तुमाले कसं कळलं?

मु. चिंचखेडा, पो. अनसिंग
१२ नोव्हेंबर १९७८

दादा,

जयभीम. पत्र उलटून तू आधी पाठवणाऱ्याचं नाव वाचलं असशील. हो, मीच, अंजना. साडेसात वर्षांत तुझी चार पत्रं आली, लिलावहिनीची सहा. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. आजही खुशाली कळवायला बसलेली नाही, भांडायला बसले आहे. पण भांडताना मला मजा येते आहे, तेव्हा तू घाबरू नकोस.

एकाहत्तरच्या मे महिन्यात केनवडला आपल्या अंगणात तू जे भाषण केलंस, त्याचं उत्तर मला मागच्या महिन्यात अनसिंगच्या बाजारात सापडलं.

झालं असं. बाजाराच्या दिवशी इंद्रभान शिलाई मशीन घेऊन अनसिंगला बसतात. (नवऱ्याचं नाव लिहिते म्हणून वहिनी हसेल. हसू दे.) मी आणि आमची उषा डबा घेऊन गेलो होतो. उषाला आठ दिवसांपासून खोकला. तिथं बाबूलाल नावाचा एक औषधवाला येतो. कपड्यावर पुड्या मांडतो आणि बोलतो. आवाज थेट तुझ्यासारखा, शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही वाटावं की आपल्याशीच बोलतोय.

तो म्हणाला, "माय, दोनच रस्ते हायेत. एक तं हे भस्म घ्या, नाहीतं लेकराचा खोकला छातीत घर करते. मागच्या बाजारात एका बाईनं नाही घेतलं. आज ती बाई इथं दिसून राह्यली का कोणाले? आपली जबरदस्ती नाही. ज्या मायले लेकरू प्यारं हाये तिचा हात आपोआप वर येते."

दहा-बारा हात वर गेले. त्यात माझाही होता. पुडी घेऊन मी घरी आले, मध काढला, पुडी सोडली, आणि एकदम कानात आवाज आला. तो बाबूलालचा नव्हता, दादा. तुझा होता.

वाशीमच्या ट्रेनिंग कॉलेजच्या यादीत माझं नाव लागलं होतं. काका, मामा, सगळे अंगणात बसले होते. तू भुसावळहून रजा काढून आला होतास, रेल्वेच्या ऑफिसातला, चौदा एप्रिलला चार गावांत भाषणाला बोलावला जाणारा. तू उभा राहिलास आणि म्हणालास, "दोनच रस्ते हायेत. पोरीचा संसार, नाहीतं पोरीची नोकरी." दादा, तिसरा रस्ता होता. शिकून लग्न करता आलं असतं. चौथाही होता, लग्न करून शिकता आलं असतं. पण तू दोन म्हणालास आणि आम्ही सगळे दोनच मोजत बसलो.

मग तू म्हणालास, "भिवाजीकाकाची पोरगी ट्रेनिंगले गेली, तिचं काय झालं, माहीत हाये ना?" सगळ्यांनी मान हलवली. काय झालं ते तू सांगितलंच नाहीस. त्या बाजारानंतर केनवडला गेले तेव्हा मी बाबांना विचारलं. तिचं काहीही झालेलं नाही. ती मेहकरला मास्तरीण आहे आणि तिला दोन मुलं आहेत.

आणि शेवटी, "ज्याले आमच्या बापाची, माणिकरावची, इज्जत प्यारी हाये, त्यानं हात वर करा." बाबांसकट सगळ्यांचे हात वर गेले. जे मी आजवर कुणाला सांगितलं नाही ते तुला सांगते. माझाही हात अर्धा वर गेला होता.

पुडी हातात धरून मी इतकी हसले की शेजारीण बघायला आली. संध्याकाळी इंद्रभाननी ते भस्म जिभेवर ठेवलं आणि म्हणाले, "राख हाये. बाभळीची." उषाचा खोकला आपोआप गेला.

स्थळाबद्दल माझी तक्रार नाही, हेही लिहून टाकते. माणूस चांगला आहे. भाषण वाईट होतं.

उत्तर आलं तर वाचीन.

अंजना


चिंचखेडा
३ डिसेंबर १९७८

दादा,

तुझं कार्ड आलं. बोलताना तुझे शब्द संपत नाहीत आणि कार्डावर तीन ओळी. 'पत्र मिळाले. कोणाचेही औषध न तपासता मुलीला देऊ नये. ते भाषण आठवत नाही.'

मधली ओळ मी वर्गात फळ्यावर लिहिली. फक्त 'औषध' खोडून 'बोलणं' केलं.

वर्ग कसला, ते तुला ठाऊक नाही. सरकारनं ऑक्टोबरपासून प्रौढ शिक्षण सुरू केलं आहे. गावात मॅट्रिक झालेली बाई मी एकटीच, म्हणून मला शिकवायला नेमलं. शाळेच्या ओसरीवर दुपारी दोन ते चार. आपल्या वस्तीतल्या नऊ बाया, वरल्या आळीतल्या सहा. पहिले पंधरा दिवस मी पाटीवर कमळ आणि घर काढत होते आणि समोर पंधरा जणी जांभया देत होत्या. निंदणाहून आलेल्या बायांना कमळाचं काय पडलंय?

मग एक दिवस मी त्यांना बाबूलालची गोष्ट सांगितली, माझ्या वर गेलेल्या हातासकट. त्या दिवशी कुणी जांभई दिली नाही.

वरल्या आळीत प्रयागबाई म्हणून एक आहे. साठीची, एकटी राहते, दोन एकर स्वतः कसते. ती म्हणाली, "म्हंजे जो चांगला बोलते तो खरंच बोलते असं नाही."

"नाही," मी म्हणाले.

"अन् जो अडखळते तो खोटंच बोलते असंबी नाही."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हापासून आमचा नेम पडला. रोज एकीनं घरात, शेतात, बाजारात ऐकलेलं एक वाक्य आणायचं. मी ते फळ्यावर लिहायचं, सगळ्यांनी वाचायचं आणि मग त्याला विचारायचं, कसं कळलं? अक्षरं अशी भराभर येतात की मलाच नवल वाटतं. पंचफुला माझी जाऊ लागते, इंद्रभानच्या चुलतभावाची, जगदेवभाऊंची बायको. तिनं सासूचं वाक्य आणलं. भाकर उलटी ठेवली की घरात भांडण होते.

प्रयागबाई म्हणाली, "मी घरात एकटी. माझी भाकर रोज उलटी. भांडू कोणासंग?"

मागच्या बाजारात सात जणी मिळून बाबूलालपुढे जाऊन बसल्या. त्यानं सुरू केलं, मागच्या बाजारात एका बाईनं नाही घेतलं. प्रयागबाईनं विचारलं, "तिचं नाव काय?" बाबूलाल म्हणाला, "नाव कसं सांगू, माय." "गाव सांग." गावही नव्हतं. मग पंचफुलानं विचारलं, "ती आज बाजारात आली नाही हे तुले कसं कळलं? तिच्या घरी पावना आला असंन." लोक हसायला लागले. बाबूलालही हसला. चांगला माणूस आहे तसा. आता आम्ही दिसलो की तो भस्म खाली ठेवतो आणि दंतमंजन विकतो. दंतमंजन चांगलं आहे, आम्ही वापरून पाहिलं.

तुला भाषण आठवत नाही, हे मी खरं मानते. बोलणाऱ्याला आठवत नसेल. ऐकणारीला पाठ आहे.

बाबा बरे आहेत. तुझी वाट पाहतात. मी केनवडला गेले की विचारतात, "देवमनचं पत्र?" आता सांगता येतं, आलं होतं म्हणून.

अंजना


चिंचखेडा
२१ जानेवारी १९७९

दादा,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. 'बायकांना प्रश्न विचारायला शिकवणे सोपे. उत्तरे कोण देणार?' चांगलं वाक्य आहे. फळ्यावर लिहिलं. प्रयागबाई म्हणाली, "ज्यानं सांगतलं तो देईन ना. आपण कायले?"

आता गंमत बाजूला ठेवून लिहिते. पंचफुलाची बेबी चौदा वर्षांची आहे. सातवीत. गणितात हुशार, उषाला पाढे शिकवते. जगदेवभाऊंनी तिचं लग्न ठरवलं. मुलगा मंगरूळपीरला कापसाच्या जिनात कामाला आहे, सव्वीस वर्षांचा. तारीख मेमधली.

पंचफुला वर्गात आली आणि म्हणाली, "आज माझं वाक्य ल्याहा." मी लिहिलं. ठरलेलं लग्न मोडलं की पोरीचं पुन्हा जमत नाही.

हे वाक्य प्रत्येकीच्या घरातलं होतं. मग एक जण म्हणाली, माझ्या आतेबहिणीचं मोडलं होतं, पुढच्या साली दुसरीकडे झालं. मग दुसरीला एक आठवली. मग तिसरीला. चार निघाल्या, दादा, आणि चौघींची लग्नं पुढे झाली होती. एकीचं तर आधीपेक्षा बऱ्या घरी झालं. न जमलेली एकही सापडेना. प्रयागबाई फळ्याकडे बोट करून म्हणाली, "मंग हे कोणाचं पाहून ठरवलं?"

पंचफुला म्हणाली, "तरी मन घाबरते." तेव्हा मी तिला मंगरूळपीरकडच्या एका मुलीची गोष्ट सांगितली. चौदाव्या वर्षी लग्न झालं आणि पहिल्याच बाळंतपणात गेली. पंचफुला रडली. घरी जाऊन तिनं जगदेवभाऊंना सांगितलं, या मेमधे लगन होणार नाही. कायदाही आता अठराचा झाला आहे, ते पेपरात आलेलं मी वाचून दाखवलं होतं. जगदेवभाऊ म्हणाले, "कायदा आपल्या गल्लीत कवा आला?"

ते माझ्या दारात येऊन बोलून गेले. "वैनी, तुमी बायाइले लिहाले शिकवा. घर मोडाले नका शिकवू." इंद्रभान मशीनवर होते. त्यांनी पाय थांबवला आणि म्हणाले, "जगदेव, पानी घे." जगदेवभाऊंनी पाणी घेतलं नाही.

वस्तीत आता आमच्या वर्गाबद्दल वाईट बोलतात. नऊपैकी चार जणी यायच्या थांबल्या. मी ठीक आहे.

अंजना


चिंचखेडा
४ फेब्रुवारी १९७९

दादा,

जगदेवभाऊंनी तुला पत्र टाकलं आणि तू येतो म्हणालास, हे मला पंचफुलाकडून कळलं. अकराला, रविवारी, विहारापुढे बैठक आहे. वर्ग बंद करायचा आणि बेबीचं लग्न मेमध्येच लावायचं, हे चार लोकांसमोर पटवायला त्यांना बोलणारा माणूस हवा होता. त्यांनी बरोबर माणूस निवडला.

ये. घरीच उतर. पण येण्याआधी मला एक सांगायचं आहे, कारण ते तुला नंतर कळलं तर तू ते सभेत वापरशील, आणि तसं वापरलंस तर मी तुला दोषही देऊ शकणार नाही.

मंगरूळपीरच्या ज्या मुलीची गोष्ट मी पंचफुलाला सांगितली, ती मुलगी नाही. मी तयार केली. अशा मुली असतात, खूप असतात, पण मी बोलले ती नव्हती. पंचफुलाचं मन डळमळत होतं आणि मला वाटलं, एक गोष्ट सांगितली की काम होईल. झालंही. इतकं सहज झालं, दादा. तिचे डोळे भरले तेव्हा आत कुठेतरी मला बरं वाटलं, आणि तेव्हाच कळलं की मी तुझीच बहीण आहे.

तीन आठवडे मी हे पोटात ठेवलं. मागच्या पत्रात तुलाही ती गोष्ट खरी म्हणूनच लिहिली. काल वर्गात सांगितलं, सगळ्यांसमोर. वाटलं होतं पंचफुला उठून जाईल. तिनं पाटी पदरानं पुसली. मग म्हणाली, "ती पोरगी खोटी असंन. माझी बेबी तं खरी हाये ना? अन् चौदाचीच हाये ना?"

"हो."

"मंग बस झालं. पण वैनी, पुन्हा मले असं भेववू नका. मले समजते."

प्रयागबाईनं मला उभं केलं आणि अख्ख्या वर्गाला विचारायला लावलं, अंजनाबाई, तुमाले कसं कळलं? पाच-सहा वेळा. आधी मी रडत होते, मग सगळ्याच हसायला लागल्या, मीसुद्धा.

अकोल्याहून येणारी एसटी अनसिंगला सकाळी अकरा वाजता येते. इंद्रभान सायकल घेऊन थांबतील.

अंजना


चिंचखेडा
१४ फेब्रुवारी १९७९

दादा,

रविवारी तू चारच्या गाडीनं गेलास. आपलं धड बोलणं झालं नाही. म्हणून लिहिते. जे घडलं ते तुलाही ठाऊक आहे, तरी सगळं लिहून ठेवते, म्हणजे आठवत नाही असं तुला पुन्हा म्हणता येणार नाही.

तू आल्या आल्या उषाला उचललंस आणि तिचं नाव विचारलंस. ती म्हणाली, "तुमचं काय?" मी चुलीपाशी होते. तुला वाटलं धूर डोळ्यांत गेला. धूर नव्हता.

जेवताना तू भाषणाबद्दल एक शब्द काढला नाहीस, मीही काढला नाही. तू दोनदा भाजी मागून घेतलीस.

विहारापुढे सगळी वस्ती जमली होती. तुझी पाठ बायांकडे होती, म्हणून प्रयागबाई कधी आली ते तू पाहिलं नसशील. वरल्या आळीतली ती एकटीच होती. इतक्या वर्षांत ती आपल्या वस्तीत पहिल्यांदा आली. आमच्या बायांनी सरकून जागा दिली.

तू उभा राहिलास आणि दादा, काय बोललास. मी तुझ्या विरोधात बसले होते, तरी माझ्या अंगावर काटा आला. आपल्या लोकांनी शब्द पाळला म्हणून आपण ताठ उभे आहोत, हे म्हणालास. बापाच्या घामाबद्दल बोललास. माझ्या शेजारी पंचफुलाच डोळे पुसत होती. मी तिला कोपरानं ढोसलं तर म्हणते कशी, "काय बोलून राह्यला वैनी तुमचा भाऊ."

मग तू वळलास. "उदाहरण दूरचं कायले पायजे? माझी सख्खी बहीण इथं बसली हाये. तिले शिकाचं होतं. मी आडवा झालो. सात वर्षं ती माझ्यासंग बोलली नाही. मले चालते. पण आज तिनंच चार लोकांत सांगावं. अंजने, खरं सांग. तू सुखी हायेस का नाही?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. इंद्रभान बाभळीखाली उभे होते, ते जमिनीकडे पाहायला लागले. ही गोष्ट मीच तुला पत्रात लिहून दिली होती, माणूस चांगला आहे म्हणून. नाही म्हणाले असते तर खोटं झालं असतं, आणि त्या माणसाचा अपमान. आणि हो म्हणाले तर बेबी गेली.

मी म्हणाले, "हाये."

जगदेवभाऊंनी मांडीवर थाप मारली. सात वर्षं जे उत्तर शोधलं आणि मला वाटलं की सापडलं, ते सगळं डोक्यातून गेलं.

तेव्हा प्रयागबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. "भाऊ, बोलले लय चांगले. ही सुखी हाये हे आमी रोज पाहतो. पण शिकली असती तं दुःखी झाली असती, हे तुमाले कसं कळलं?"

तुझी सवय मला माहीत आहे. शब्द जुळवायचे असले की तू चष्मा काढतोस. काढलास. धोतराच्या सोग्यानं पुसलास. घातलास. पुन्हा काढलास.

मग तू म्हणालास, "मले नाही माहीत."

आणि माझ्याकडे पाहून, "तवाबी नव्हतं माहीत. तसाच बोललो."

दादा, मी तुझी डझनभर भाषणं ऐकली आहेत. इतकं छोटं एकही नव्हतं.

जगदेवभाऊ उठले. "असं कसं देवमनभाऊ, तुमाले आमी कायले बलावलं?" तू म्हणालास, "तुमाले बोलणारा पायजे होता, जगदेवभाऊ. माहीत असणारा नाही." लोक हसले, पण जगदेवभाऊंना ते लागलं आणि ते थेट शेताकडे निघून गेले. मागून मला म्हणालास की तसं बोलायला नको होतं. हो, नको होतं. ते सवयीनं आलं.

आता तू गेल्यानंतरचं. दिवस मावळायच्या सुमाराला जगदेवभाऊ शेतातून आले. घरात न जाता ओट्यावर बसले आणि बेबीला हाक मारली. पंचफुला दाराआड उभी होती, तिनं मला सांगितलं. म्हणाले, "तुले काय पायजे?"

बेबी म्हणाली, "मले आतालोक कोणी इचारलंच नाही, तं मी इचारच नाही केला. दोन दिवस द्या."

आपल्या वस्तीत आजवर कुठल्या मुलीनं विचार करायला दोन दिवस मागितले असतील, मला ठाऊक नाही. जगदेवभाऊंनी बिडी विझवली. ते म्हणाले, "बरं." दोन दिवस बेबी शाळेत गेली, पाणी भरलं, उषाला तेराचा पाढा शिकवला. आज सकाळी तिनं सांगितलं, आता नाही, दहावी झाल्यावर विचारा. तेव्हा पुन्हा विचार करीन.

जगदेवभाऊ "बरं" म्हणाले. दुसऱ्यांदा.

गाडीत चढताना तू काहीतरी म्हणालास आणि इंजिनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी मान हलवली, पण ऐकू आलं नव्हतं. काय म्हणालास ते लिही.

अंजना


चिंचखेडा
१ एप्रिल १९७९

दादा,

तुझं आठ पानी पत्र मिळालं. गाडीत चढताना काय म्हणालास तेही कळलं. त्यातलं काहीच मी फळ्यावर लिहिलं नाही. इंद्रभाननी विचारलं, काय लिहिलंय एवढं? मी म्हणाले, आमचं आहे. ते मशीन चालवायला लागले, पण गाणं म्हणत होते.

लिलावहिनीचंही पत्र आलं. लिहिते, हे आता भाजीत मीठ कमी आहे म्हणायच्या आधी ती खाऊन पाहतात. ऑफिसातल्या साहेबांनाही काहीतरी विचारलंस म्हणे आणि साहेबांनी खुर्ची दिली. जपून.

जगदेवभाऊ मंगरूळपीरला जाऊन आले. भांडण होईल म्हणून सोबत दोन माणसं नेली होती. तिकडे चहा मिळाला. मुलगा त्यांना बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, मलाही कुणी विचारलं नव्हतं. त्याचं मन त्यांच्याच गावात कुठेतरी आहे म्हणे. जगदेवभाऊ हे सांगताना इतके हसले की पंचफुला घाबरली. आता दुपारी वर्ग चालतो तेव्हा ते शाळेच्या भिंतीला टेकून बिडी ओढत बसतात. म्हणतात, सावली चांगली आहे. सावली त्या बाजूला दोन वाजता नसते.

थांबलेल्या चौघी परत आल्या. नव्या सहा आल्या. खडू पुरत नाहीत. वर्गात अजूनही भांडणं होतात, मी चुकते तेव्हा जास्त. परवा मी म्हणाले, देवमनदादा त्या दिवशी हरला. त्यावर अर्धा तास गेला. शेवटी प्रयागबाई म्हणाली, कागद दे, मीच लिहिते. तिचं हे पहिलं पत्र. दोन दुपारी बसून लिहिलं. मी मदत केलेली नाही, फक्त चुका दाखवल्या. त्यातल्या तिनं अर्ध्या सुधारल्या, बाकीच्या तिला तशाच बऱ्या वाटतात. खाली तिचं अक्षर आहे.

अंजना

देवमनभाऊ
राम राम. हे मी सोता लिवलं.
अंजना म्हनते तुमी हारले. मले तसं नाही वाटत. मी साठ वरसाची हाये. चार लोकात मले नाही माहीत असं म्हननारा मानूस मी पयला पाह्यला. माह्या नवऱ्यानं कदी नाही म्हनलं. माह्या बापानं नाही. म्याबी नाही.
तुमी आले तवा अंजनाच्या घरी जेवले. पुडच्या बारीले माह्या घरी जेवा. वांगे लावले हायेत. आळीतले लोक बोलतीन. त्याइले इचारू.
वसरीवर नाही. आत या. चुलीपाशी.
प्रयागबाई